आकाशाला वेस असते का?

भूगोलाच्या तासाला सहज करता येईल असा एक उद्योग आहे. भारताच्या मोठ्या नकाशावर मुंबईतले जुहू आणि कर्नाटकातले बेल्लारी ही दोन ठिकाणे शोधा. पट्टी ठेवून दोहोंना जोडणारी सरळ रेघ ओढा. नकाशा हाताशी नसेल तर गणिताने करा: जुहू साधारण १९.१ उत्तर अक्षांश आणि ७२.८ पूर्व रेखांशावर आहे, बेल्लारी १५.१ आणि ७६.९ वर. सह्याद्रीचा माथा ओलांडल्यावर या रेघेवर पुणे जिल्ह्यातली कोणती गावे लागतात? आधी वेल्हे, मग भोर. दोन्ही गावे रेघेपासून पाच-सहा किलोमीटरच्या आतच आहेत.

ही रेघ आम्ही उगाच निवडलेली नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांची टपालसेवा सुरू झाली. जे. आर. डी. टाटा लहानशा ‘पस मॉथ’ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. वारा आणि ढग पाहून वैमानिक रेघेच्या डावी-उजवीकडे सरकतोच. त्यामुळे त्या दिवशी ते नेमके कोणत्या डोंगरावरून गेले याचा आग्रह धरायला नको. पण ताशी १६० किलोमीटर वेग धरला तर वेल्हे ते भोर हे सुमारे २८ किलोमीटरचे अंतर अशा विमानाला दहा-अकरा मिनिटांचे. आजच्या जेट विमानाला ते दोन मिनिटांचे.

आता प्रश्न असा. १९३२ साली वेल्हे आणि भोर ब्रिटिश मुलखात नव्हती. तिथे पंतसचिवांचे भोर संस्थान होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ असे त्याचे पाच तालुके. प्रचंडगड म्हणजे तोरणा; वेल्हे त्याच्या पायथ्याशी. मग या दहा मिनिटांसाठी विमानाला भोरच्या राजांची परवानगी घ्यावी लागत होती का? आकाशाला वेस असते का? आणि असली तर तिची किल्ली कोणाकडे?

जमिनीवरची राहदारी

या मुलखाला परवानगीचा विषय नवा नाही. देशावरून कोकणात उतरणारे वरंधा, मढेघाट, उपांड्या यांसारखे घाट याच भागात आहेत. कोकणातून मीठ आणि तांदूळ वर यायचा, देशावरचा माल खाली जायचा. घाट ज्याच्या ताब्यात, तो मालावर जकात घेई. परक्या मुलखातून जायचे तर ‘राहदारी’ लागे. वाटेत कोणी अडवू नये म्हणून दिलेला लेखी परवाना म्हणजे ‘दस्तक’. वाट डोंगरातून जात असली तरी ती कोणाच्या तरी अंमलाखालची आहे, हे गृहीतच होते. जमिनीवर नियम सरळ होता: हद्दीत यायचे तर धन्याला विचारून.

समुद्राची गोष्ट वेगळी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात आपले ‘कार्ताझ’ नावाचे परवाने सक्तीचे केले. परवाना नसलेले गलबत ते पकडत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर आपल्या दस्तकाचा आग्रह धरला; इंग्रजांनी तो मानला नाही आणि त्यातून लढाया झाल्या. दरम्यान १६०९ मध्ये ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडिताने भर समुद्र कोणाच्याच मालकीचा नसतो, तो सर्वांना मोकळा आहे, असे मांडले होते. किनाऱ्यालगतचा पट्टा त्या त्या देशाचा आणि पलीकडचा समुद्र सर्वांचा, हे तत्त्व कालांतराने जगाने स्वीकारले.

हवा जमिनीसारखी की समुद्रासारखी?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणूस उडू लागला आणि कायदेपंडितांपुढे कोडे पडले. हवेला कुंपण घालता येत नाही, ती वाहती आहे. मग ती समुद्रासारखी मोकळी मानायची, की खालच्या जमिनीचाच वरचा मजला मानायची? फ्रान्सच्या पॉल फोशी यांनी १९०१ मध्ये मत मांडले की हवा मोकळी असावी. खालच्या देशाला फक्त स्वसंरक्षणापुरता अधिकार असावा. पण व्यवहारात अडचणी दिसू लागल्या. जर्मनीहून सुटलेले बलून वाऱ्याबरोबर फ्रान्सच्या हद्दीत उतरू लागले. १९०९ मध्ये ब्लेरिओ विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडच्या भूमीवर उतरला आणि समुद्राच्या तटबंदीवर विसंबलेल्या इंग्रजांची झोप उडाली. १९१० मध्ये पॅरिसला परिषद भरली, पण एकमत झाले नाही.

एकमत घडवले ते पहिल्या महायुद्धाने. ज्या आकाशातून लंडनवर झेपेलिनचे बाँब पडले ते आकाश सर्वांना मोकळे ठेवायला कोण तयार होणार? १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिसमध्ये करार झाला. त्याचे पहिलेच कलम सांगते की प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील हवाई अवकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. कोडे सुटले: हवा जमिनीसारखी. ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थानही या करारात स्वतंत्र नावाने सहभागी होता.

विद्यार्थ्यांना हे चित्र फळ्यावर काढून दाखवावे. देशाची सीमा ही कागदावरची रेघ न मानता उभी भिंत मानायची. तिच्या आतला हवेचा सारा खांब त्या देशाचा.

भोरच्या आकाशाची किल्ली

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. परदेशी विमानाच्या दृष्टीने भोरचे आकाश हा हिंदुस्थानच्याच आकाशाचा भाग होता. कारण संस्थानांचा परराष्ट्रव्यवहार ब्रिटिश सत्तेच्या हाती होता. बाहेरच्याने परवानगी मागायची ती दिल्लीकडे. पण देशातल्या देशात गोष्ट इतकी सोपी नव्हती. दिल्लीच्या कायदेमंडळाचे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असत. संस्थानाच्या भूमीवर ते आपोआप लागू होत नसत. १९३४ चा विमान कायदाही असाच होता. आणि विमान नुसते वरून जात नाही, कधीतरी उतरते. उतरायला मैदान लागते, मैदान ही जमीन, आणि संस्थानातली जमीन दरबाराच्या अंमलातली. निजामाच्या राज्यात हैदराबादला, १९३५ मध्ये त्रावणकोरात त्रिवेंद्रमला टाटांची विमाने उतरू लागली ती त्या त्या दरबाराच्या सहकार्याने. कोल्हापूर दरबाराने १९३९ मध्ये उजळाईवाडीला स्वतःचा विमानतळ उभारला.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९४७ च्या सामीलनाम्यात सापडतो. भारतात सामील होताना संस्थानांनी तीन विषय केंद्राकडे सोपवले: संरक्षण, परराष्ट्रव्यवहार आणि दळणवळण. एवढे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. पण सामीलनाम्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. त्यात दळणवळणाखाली टपाल, तार आणि रेल्वे यांच्याबरोबर विमाने, हवाई वाहतूक आणि विमानतळ हेही नाव घेऊन लिहिलेले आहेत. जी वस्तू लिहून द्यावी लागते ती आधी देणाऱ्याची असते, निदान तसा त्याचा दावा असतो. म्हणजे भोरसारख्या संस्थानाने १९४७ मध्ये जमिनीआधी आपले आकाश भारताला दिले. जमीन नंतर आली: ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि भोरचे राज्य संपले.

पाच स्वातंत्र्ये आणि एक एस. टी.

१९४४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात शिकागोला मोठी परिषद भरली. दुसरे महायुद्ध अजून संपायचे होते, तरी ५० हून अधिक देश जमले. त्यांत भारतही होता. इथे झालेला शिकागो करार आजही जगातल्या हवाई वाहतुकीचा पाया आहे. आकाशावरचे सार्वभौमत्व त्याने कायम ठेवले. मग प्रवासी विमानांनी जायचे कसे? त्यासाठी ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली. ती समजायला भोरचा एस. टी. स्टँड पुरेसा आहे.

कल्पना करा की पुणे, भोर आणि महाड ही तीन वेगळी राज्ये आहेत आणि गाडी पुण्याच्या मालकाची आहे. ती भोरमधून न थांबता वरंधा घाटाने महाडला गेली, हे पहिले स्वातंत्र्य. भोरला फक्त डिझेल भरण्यापुरती थांबली, उतारू घेतले-सोडले नाहीत, हे दुसरे. पुण्याचे उतारू भोरला आणून सोडले, हे तिसरे. भोरचे उतारू पुण्याला नेले, हे चौथे. आणि भोरला उतारू घेऊन ते महाडला सोडले, हे पाचवे. पहिल्या दोहोंत भोरच्या गाडीवाल्याचे काही जात नाही. तिसऱ्या-चौथ्यात तोही बरोबरीचा वाटा मागेल. पाचव्यात मात्र त्याच्या ताटातलेच जाते. म्हणून शिकागोत पहिल्या दोन स्वातंत्र्यांचा स्वतंत्र करार झाला आणि त्यावर भारतासह अनेक देशांनी सह्या केल्या. चीन, रशिया, कॅनडा आणि ब्राझील हे मोठे देश मात्र आज त्यात नाहीत. उरलेली स्वातंत्र्ये देशादेशांनी जोडीजोडीने करार करून ठरवायची. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. ते विमान आकाशात झेपावण्याआधी किती कागद झेपावले असतील याची यावरून कल्पना येईल.

परवानगी मिळते कशी?

आज वेल्ह्यावरून जाणारी परदेशी विमाने तीन वर्गांत मोडतात. ठरलेल्या वेळापत्रकाची प्रवासी विमाने दोन देशांतल्या करारानुसार येतात. त्यांचे मार्ग आणि वेळा मोसमागणिक मंजूर होतात. वेळापत्रकाबाहेरच्या विमानांना शिकागो करारात सवलत आहे. पण त्यातच देशांना अटी घालायची मुभाही आहे, आणि बहुतेक देश आधी अर्ज मागतात. आपल्याकडे तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जातो. विमान कोणाचे, नोंदणीची अक्षरे कोणती (भारतीय विमानांची ‘व्हीटी’ने सुरू होतात), हद्दीत कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार आणि कशासाठी जाणार, हे सगळे त्यात लिहावे लागते. तिसरा वर्ग लष्करी आणि सरकारी विमानांचा. त्यांना करारातली कोणतीच सवलत नाही. दर वेळी सरकारने सरकारला विचारायचे. उतरण्याचे ठिकाण हवाईदलाचे असेल तर त्यांचीही संमती हवी. भोरला जवळचा पुण्याचा लोहगाव विमानतळ असाच हवाईदलाच्या तळावर आहे.

जुन्या जकातीशी तुलना करताना एक फरक लक्षात ठेवावा. शिकागो कराराच्या १५ व्या कलमानुसार केवळ ‘आमच्यावरून जाऊ दिले’ म्हणून पैसे घेता येत नाहीत. मार्गदर्शन, रडार आणि संदेशयंत्रणा यांच्या सेवेचे शुल्क मात्र घेता येते. घाटातल्या नाक्यावरची जकात गेली, वाटाड्याची मजुरी राहिली.

वेस बंद झाली तर

परवानगीची किंमत कळते ती नाकारली गेल्यावर. आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे. पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये दाबोळीला विमानतळ केला. भारताने कोंडी केली होती; तरी समुद्र मोकळा असल्याने त्यांची विमाने समुद्रावरून दमण, दीव आणि कराचीशी संबंध ठेवू शकली. दादरा-नगरहवेली मात्र चहूबाजूंनी भारताने वेढलेली. १९५४ मध्ये ती मुक्त झाली आणि भारताने पोर्तुगिजांना वाट नाकारली. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. तिथे मराठ्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह आणि नंतरच्या सनदा यांचा कीस पडला. त्यांतून पोर्तुगिजांना गावांचा महसूल मिळाला होता, राज्याधिकार नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट असल्याचे मान्य झाले. सैन्य आणि शस्त्रे यांना नाही. आणि भारताने नियमभंग केलेला नाही. नागरी आणि लष्करी असा जो भेद आकाशात आहे, तोच इथे जमिनीवर दिसतो.

१९७१ च्या जानेवारीत ‘गंगा’ हे भारतीय विमान पळवून लाहोरला नेऊन जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. पश्चिम पाकिस्तानातून पूर्व पाकिस्तानात जायला त्यांना कोलंबोमार्गे सारा द्वीपकल्प वळसा घालून जावे लागले. २०१९ मध्ये पाळी उलटली. पाकिस्तानने २७ फेब्रुवारी ते १६ जुलै आकाश बंद ठेवले आणि २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा मज्जाव केला.

पैशांपेक्षा मोठे मोलही असते. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले आणि २६९ माणसे मेली. पुढच्याच वर्षी शिकागो करारात नवे कलम घातले गेले: हद्द ओलांडली तरी प्रवासी विमानावर शस्त्र चालवायचे नाही. याच्या उलट डिसेंबर १९९५ मधली घटना. पुरुलियावर रात्री शस्त्रे टाकणारे परदेशी विमान चार दिवसांनी पुन्हा भारतावरून जाताना मुंबईला उतरवले गेले. कागद बरोबर असला म्हणजे हेतू बरोबर असतोच असे नाही, हे त्यातून दिसले.

आणि १९९० सालचे कुवेत. इराकने कुवेत घेतल्यावर तिथे अडकलेल्या भारतीयांत कितीतरी मराठी कुटुंबे होती. लष्करी विमानांना देशोदेशी संमती मिळवणे अवघड. म्हणून मुख्य भार नागरी विमानांनी उचलला. अम्मान ते मुंबई अशा ४८८ फेऱ्या ५९ दिवसांत झाल्या आणि एक लाखाहून अधिक माणसे घरी आली. त्या कुटुंबांसाठी ‘वरून जाण्याची परवानगी’ हा कायद्याच्या पुस्तकातला शब्द उरला नव्हता.

जुन्या गावांत रात्री वेशीचा मोठा दरवाजा बंद होई, पण त्यातला छोटा दिंडी दरवाजा अडल्यानडल्यासाठी उघडत असे. शिकागो करारातही अशी दिंडी आहे. २५ वे कलम म्हणते की संकटातल्या विमानाला प्रत्येक देशाने शक्य ती मदत करावी. ती दिंडी वेळेवर उघडतेच असे नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी अपहृत भारतीय विमान इंधन संपत आले असताना लाहोरवर घिरट्या घालत होते. तिथे आधी परवानगी नाकारून दिवे मालवले गेले होते. अखेर ते उतरू दिले गेले. नियम लिहिणे आणि दार उघडणे यांत माणसे असतात.

वर कुठवर?

चौकस विद्यार्थी शेवटी विचारतोच: हा खांब वर किती उंच? याचे नेमके उत्तर कोणत्याही करारात नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला आणि कोणालाही न विचारता देशामागून देश ओलांडत गेला. कोणी गंभीर हरकत घेतली नाही. १९६७ च्या करारात अवकाशावर कोणत्याही देशाची मालकी नाही असे ठरले. म्हणजे खालची हवा जमिनीसारखी आणि वरचे अवकाश समुद्रासारखे! फोशींचे मत हरले ते हवेत. अवकाशात ते जिंकले असे म्हणता येईल. दोहोंमधली सीमा म्हणून १०० किलोमीटरची उंची सोयीसाठी धरतात, पण ती सर्वमान्य नाही.

वर्गाची सहल तोरण्याच्या पायथ्याला मुक्कामी गेली तर सूर्यास्तानंतर तासभर आकाशाकडे पाहायला सांगावे. लुकलुकणाऱ्या लाल-हिरव्या दिव्यांचे विमान सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून जाते. ते परदेशी असेल तर त्याच्यामागे अर्ज, करार आणि शुल्क आहे. न लुकलुकता शांतपणे सरकणारा ठिपका दिसला तर तो कृत्रिम उपग्रह, काहीशे किलोमीटर उंचीवरचा. त्याने कोणालाच विचारलेले नाही. जिथे एके काळी घाटाच्या तोंडाशी दस्तक पाहिले जाई, तिथे उभे राहून मुलांना दोन्ही कायदे एकाच नजरेत दिसतील. मग त्यांनाच विचारावे: यांतला कोणता ठिपका भारताच्या वेशीच्या आत आहे?